वरच्या ताईचा डावा पाय

ज्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची घरात कुणाचीच तयारी नसे, तोच प्रश्न वरची ताई आधी विचारायची. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, म्हणून मी तिला वरची ताई म्हणायचे. मी शाळेत होते, ती कॉलेजात. वयात येताना तिचा पाठीचा कणा एका बाजूला वाकत गेला होता. एक खांदा वर, पाठीवर उंचवटा, आणि जिना चढली की धाप.

ऑपरेशनचा विषय निघाला तेव्हा तिचे वडील डॉक्टरांसमोर नुसती मान हलवत राहिले. ताईने विचारलं, "डॉक्टरसाहब, इसमें सबसे बुरा क्या हो सकता है?" डॉक्टरांनी काही लपवलं नाही. रक्त फार जाऊ शकतं, जखम चिघळू शकते, कण्याला लावलेली सळई पुढे मोडू शकते. आणि मज्जारज्जूला धक्का बसला, तर पाय कायमचे जाऊ शकतात.

"चालतीफिरती पोर आहे माझी," तिची आई, म्हणजे आमच्या काकू, घरी येऊन म्हणाल्या. "वाकडी तर वाकडी."

"चालते गं आई, पण श्वास पुरत नाही. तुला कधी बोलले नाही एवढंच."

काकूंनी मग काकांना ऑपरेशनची तारीख घ्यायला पाठवलं.

मज्जारज्जू शाबूत आहे ना हे पाहायला डॉक्टर ऑपरेशनच्या मध्येच तिला थोडं जागं करून पाय हलवायला सांगणार होते. नंतर आठवणार नाही म्हणाले होते, पण तिला आठवलं. मानेपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या तिने मला सांगितलं. "कुणीतरी म्हणालं, बेटा, पैर हिलाओ. उजवा हलवला. मग म्हणाले, दूसरा. सगळा जोर लावला गं. कुणीच बोलेना, तेव्हा मला कळलं."

डॉक्टरांनी सळईचा ताण कमी केला. म्हणजे कणा हवा तेवढा सरळ होणार नव्हता. पुन्हा हलवायला सांगितलं, आणि डाव्या पायाचा अंगठा हलला.

तो पाय अशक्तच राहिला. प्लास्टर निघाल्यावर ती कठड्याला धरून चालायला शिकली. पाठीचा बाकही थोडा उरला. एक नातेवाईक बाई म्हणाल्या, "एवढं करून वाकडीच राहिली?" ताई शांतपणे म्हणाली, "हो, राहिले. पण आता एका दमात बोलता येतं मला."

पुढे काका रिटायर झाले आणि ते सगळे नागपूरला निघाले. निरोप घ्यायला ताई खाली आली. माझी आई खुर्चीत बसली होती. ताई नमस्काराला पुढे झाली, तशी आई घाईने म्हणाली, "राहू दे गं, तुला वाकवत नाही."

"पाठीतून नाही वाकता येत, मावशी. गुडघ्यांतून येतं."

खुर्चीच्या हाताला धरून ती सावकाश खाली गेली. आधी उजवा गुडघा, मग हाताने ओढून घेतलेला डावा. पाठ ताठच होती. पेपर वाचत बसलेले माझे बाबा उठून उभे राहिले. आई खुर्चीतून उतरली आणि तिच्यासमोर फरशीवर बसली.