गोदामातली परीक्षा

तारा मेश्राम यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मनीषनगरात अजून जन्माला यायचाय. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, निवृत्तीनंतर प्रोग्रामिंग शिकल्या, आणि आता शेअर खरेदी-विक्रीचे लोकांचे नियम जुन्या भावांवर चालवून तपासून देतात. नियमात दम आहे की नुसत्या गप्पा, ते त्यातून उघडं पडतं. स्वतः मात्र एक शेअर घेत नाहीत.

पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना काम दिलं होतं. एकाच नियमातले आकडे बदलून होणाऱ्या बारा हजार जोडण्या दहा वर्षांच्या भावांवर तपासायच्या, शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. जमलं तर वर्षभराचं काम त्यांचं, नाहीतर नमस्कार. घरच्या लॅपटॉपला अठरा दिवस लागले असते, आणि तोही मेलेला. गेल्या मे महिन्यात तापतो म्हणून बाईंनी त्याला कूलरसमोर ठेवला होता. ओल्या वाऱ्यानं बिचारा आतून गंजत गेला आणि आता बंद पडला. गणिताच्या बाईंनी असं करावं! याची त्यांना अजून लाज वाटते.

मंगळवारी पर्समध्ये पेनड्राइव्ह टाकून त्या सुशीलच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेल्या. त्यानं लाल-निळे दिवे लुकलुकणारा कॉम्प्युटर पुढे केला.

“मॅडम, यात सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड आहे.”

“मले गेम नाही खेळायचे गा. माह्या प्रोग्रामले त्या कार्डाचं कामच नाही. एका वेळी जास्त जोडण्या तपासल्या पाहिजे, म्हणजे प्रोसेसरले कोर जास्त पाहिजे.”

मग सुशीलनं सारख्याच कोरचे दोन काढले. एक सडपातळ, देखणा, कागदावर जास्त वेगवान. दुसरा पेटाऱ्याएवढा, मोठमोठ्या पंख्यांचा. बाईंनी चाचणीपुरते एका वर्षाचे भाव घेऊन दोनशे जोडण्या चालवल्या. देखण्याला चार मिनिटं लागली, पेटाऱ्याला पाच. सुशीलनं बिलबुक उघडलं.

“थांब. तुह्या दुकानात एसीमुळं डिसेंबर आहे, माह्या घरी मे चालू आहे. दोन्ही मागच्या गोदामात लाव.”

“तिथं काहून? तिथं एसी नाही मॅडम!”

“म्हणूनच म्हणून राहिली.”

बाहेर पारा पंचेचाळीसवर. बाई स्टुलावर बसल्या, पदरानं वारा घेत, परीक्षेच्या हॉलमधल्यासारखी नजर रोखून. तीच एका वर्षाची चाचणी; अर्धा तास देखणा पुढे होता. मग तो तापला आणि आपसूक हळू झाला. तासाभरानं त्याच्या एकवीसशे जोडण्या झाल्या होत्या, पेटाऱ्याच्या चोवीसशे. सुशीलचं तोंड बघण्यासारखं झालं.

बुधवारी सकाळी दहाला पेटारा स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत कामाला लागला, आता पूर्ण दहा वर्षांचे भाव घेऊन. खोलीतला कूलर बाईंनी बंद केला. पुन्हा तीच चूक? छे! डोक्यावर ओला टॉवेल घेऊन त्या दोन दिवस त्याच्याजवळ बसल्या, घामानं निथळत. शुक्रवारी दुपारी बाराला बारा हजारावी जोडणी संपली. त्यांनी लगेच निकाल पाठवला.

तासाभरात पुण्याहून फोन आला.

“मॅडम, शनिवारच्याही आधी? काम तुमचंच. पण तुमचं सर्व्हर सेंटर आहे तरी कुठं?”

“मनीषनगरात,” बाई म्हणाल्या, “आणि आता ते बंद करून राहिली.”

त्यांनी पेटारा बंद केला, कूलर सुरू केला आणि पहिल्या गार झुळुकीत खुर्चीवर पाय पसरून एकट्याच मोठ्यानं हसल्या.