नाखवांच्या गाडीचा टर्बो

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आणि तिला तर मी दाढी करताना कापलं तरी सांगतो. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. पण सांगायला बसलोय खरा.

पनवेलला जुन्या हायवेवर माझं वर्कशॉप आहे. लहान गाड्यांना टर्बो बसवतो. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि गाडी ओढायला लागते. लहान इंजिनाला कुठल्या मापाचा टर्बो द्यायचा, हे विचारायला लोक लांबून माझ्याकडे येतात. टेबलावर एक जुना टर्बो ठेवलाय, घासूनपुसून चकचकीत केलेला. साहेबांचा हा पहिला टर्बो, असं आमचे मेकॅनिक कौतुकाने सांगतात. मी ऐकतो आणि – पुढच्या गाडीकडे वळतो.

डिप्लोमा करून मी इथल्याच एका गॅरेजात लागलो, तेव्हा तिथे इस्माईलचाचा होते. आखातात वीस वर्षं इंजिनं उघडून परत आलेले. मला 'इंजिनियर' म्हणायचे, चिडवायला. पण माझा चहाही आठवणीने तेच मागवायचे. आणि मी? चौथी शिकलेला माणूस मला काय शिकवणार, अशी हवा माझ्या डोक्यात गेलेली.

एकदा मोरा बंदरावरून हसुराम नाखवा आले. त्यांच्या लहान डिझेल गाडीचा टर्बो गेला होता. मुलगी पेणला दिलेली, तिचे दिवस भरत आलेले, आणि तिला पनवेलच्या डॉक्टरीणबाईंकडे आणायचं होतं. गॅरेजात दोन टर्बो होते – एक लहान, एक मोठ्या जीपचा. चाचा म्हणाले, लहान लावू. मी कागदावर आकडे मांडून गॅरेजच्या मालकांना, शेठना, दाखवले: मोठ्याने ताकद बघा किती वाढते! आकडे खरे होते. पण ते गाडी जोरात पळत असतानाचे. चढणीवर, भरलेल्या गाडीत, इंजिन हळू फिरत असतं. त्याच्या एवढ्याशा धुराने मोठा पंखा जागा व्हायलाच वेळ लागतो. हे मला माहीत नव्हतं? पुस्तकात वाचलं होतं की. पण चाचा म्हणतात म्हणून लहान लावायचा? मी मोठाच बसवला. चाचांनी शेजारी उभं राहून नट आवळून दिले. रिकामी गाडी सरळ रस्त्यावर पळवली, किल्ली नाखवांच्या हातात दिली आणि चार दिवस चुलतबहिणीच्या लग्नाला साताऱ्याला गेलो.

परत आलो तर माझ्या खणात चाचांच्या फडक्यात गुंडाळलेला मोठा टर्बो.

गॅरेजातल्या पोरांकडून कळलं ते असं. मुलीला घेऊन येताना कर्नाळ्याच्या खिंडीत नाखवा एका ट्रकला ओलांडायला गेले. पाय दाबला – गाडी उचलेना. समोरून टँकर. ट्रकवाल्याने ब्रेक मारून जागा दिली म्हणून... पुढचं मला सांगवत नाही. मुलीला दवाखान्यात सोडून नाखवा थेट गॅरेजात आले. चाचा त्यांच्या शेजारी बसून, मागे माणसं भरून, पुन्हा ती खिंड चढून आले आणि त्याच दिवशी लहान टर्बो बसवला. नाखवांना म्हणाले, इंजिनियर जाताना लहान लावायला सांगूनच गेला होता, माझ्याकडून राहिलं.

तर मी आल्यावर दोन दिवसांनी नाखवा माझ्यासाठी पापलेटं घेऊन हजर. "तुमी सांगून गेलात म्हणून बरं झालं. आता काय चढतेय गाडी! पोरगी सुखरूप हाय, नात झाली." मी पापलेटं घेतली.

ते गेल्यावर शेठनी विचारलं, मग गाडी मुळात परत का आली? चाचा समोरच हात पुसत उभे होते. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो – नट आवळताना चाचांकडून काहीतरी राहिलं असेल.

शेठनी त्यांना इंजिनावरून काढून पंक्चरवर बसवलं. चाचांनी पाने ठेवले आणि टायर उचलला. घरी काय सांगितलं असेल त्यांनी? मी कधी विचारलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तेच माझ्याकडे आले. "चल बेटा, गाडीत बस." मग रोजच. बॉनेट नंतर उघडायचं. आधी गिऱ्हाइकाच्या शेजारी बसायचं, त्याच्या माणसांसकट, सामानासकट. गाडी कुठे मान टाकते ते बघायचं. तिथे जो टर्बो लवकर जागा होईल, तो त्या गाडीचा. चार वर्षं त्यांनी मला हे शिकवलं, टायरच्या काळ्या हातांनी. माझं घर, मुलीचं शिक्षण, दारावरची पाटी – सगळं मला त्या शेजारच्या सीटवर मिळालं. असा माणूस माझ्या वाट्याला आला, याबद्दल देवाचे आभार मानतो. रोज मानतो. त्यांचे कधी मानले नाहीत. मानायचे तर आधी ते वाक्य परत घ्यावं लागेल.

चाचा अजून येतात. शुक्रवारची नमाज झाली की चहाला. गेल्या शुक्रवारी एका गिऱ्हाइकाने टेबलावरच्या टर्बोकडे बोट करून त्यांनाच विचारलं, साहेबांनी यशस्वी केलेला पहिला टर्बो हाच ना?

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांनाच विचारा," म्हणाले.

मी 'हो' म्हणालो.

चाचांनी बशीतला चहा संपवला. अल्ला बरकत देवो, असं नेहमीसारखं म्हणाले आणि गेले. त्यांच्या फडक्यातून निघालेला तो मोठा टर्बो अजून टेबलावरच आहे.