शेटच्या मुलींची फिकी अंडी

"डॉक्टरबाय, आधी हे सांगा. कापू का ठेवू?"

गोराईच्या कोळीवाड्यात मी पाय ठेवला आणि पार्वतीआजींनी सरळ निकालच मागितला. समोर जाळीच्या खुराड्यात आठ तरण्या कोंबड्या होत्या. येत्या रविवारी त्यांचा रस्सा करायचं आजींनी ठरवून टाकलं होतं. खोबरंसुद्धा घरात आलेलं होतं. कोंबड्या मात्र त्यांच्या नव्हत्या, सुनेच्या होत्या. सुनंदा ओट्यापाशी हात पुसत उभी होती आणि माझ्याकडे असं बघत होती, जणू मी पशुवैद्य नसून वकीलच आहे. सकाळी तिनेच क्लिनिकवर फोन केला होता, म्हणून मी बोरिवलीहून बोट पकडून आले होते.

गुन्हा एवढाच, की अंडी फिकी घालतात.

या कोंबड्या मारान्स जातीच्या. मूळ फ्रान्सच्या. काळी पिसं, मानेवर तांब्याची झळाळी, आणि अंडं गडद तपकिरी, थेट चॉकलेटसारखं. आतला बलक तुमच्या-आमच्या अंड्यासारखाच असतो, चवही तीच. पण टोपलीत मांडली की माणूस दोन मिनिटं बघत राहतो. सुनंदा पहाटेपासून मासे विकते, घरचं करते, दोन मुलींची शाळा-कॉलेजं बघते. या कोंबड्या ही तिची एकटीची हौस. एका गिऱ्हाइकाकडून उबवायची अंडी आणून तिने पहिल्या चार वाढवल्या होत्या. त्या अजून होत्या आणि अंडी अजूनही झकास घालत होत्या. आता त्यांच्या पोटची ही आठ जणींची पिढी अंड्यावर आली होती, आणि अंडी कशी? दुधाच्या चहासारखी.

"हिच्या हाताखाली सगळं असंच," आजी म्हणाल्या. "पहिल्या दोन पोरी. आता ही अंडी."

मला राग आला, पण माझी फी कोंबड्या तपासायची होती.

अंड्याचा रंग उतरायला साधी कारणं खूप असतात. कोंबडी आजारी असेल, घाबरलेली असेल, उन्हाने बेजार असेल, तर रंग उतरतो. बरेच दिवस अंडी घालून झाली की तसाही उतरतो. मी आठही जणी उचलून पाहिल्या. डोळे स्वच्छ, श्वास मोकळा, अंगात भरलेल्या. एरवी शेजारच्या खोपटात आया आणि मुली एकत्रच राहत, एकच दाणा खात. शिवाय तरण्या कोंबडीची पहिली अंडी सर्वांत गडद असायला हवीत. इथे म्हाताऱ्या आया गडद आणि मुली फिक्या. आजाराचं लक्षण असं वागत नाही.

"खायला काय देता?"

सुनंदाने यादी सांगितली आणि मला हसू आवरेना. बीट देऊन झालं होतं. गूळ झाला. चहाची पावडर झाली. धाकट्या मुलीने स्वतःच्या वाटणीचं चॉकलेटसुद्धा किसून घातलं होतं. सुकट तर रोजचीच.

"सुकटीने रंग आला?"

"नाही मॅडम. ऑम्लेटला वास आला."

मी तिथल्या तिथे एक गडद अंडं मागून घेतलं, ओल्या फडक्याने जोरात घासलं. फडक्याला तपकिरी डाग पडला. आजी पुढे सरकल्या. त्यांना वाटलं, सून अंडी रंगवते!

"रंगवलं कोंबडीनेच," मी म्हटलं. "कवच तयार झालं, की पोटातून बाहेर यायच्या आधी शेवटी शेवटी ती त्यावर हा रंग चढवते. भिंतीला डिस्टेंपर मारावा तसा. हात किती मारायचे, ते तिला जन्मताना मिळालेलं असतं. बीट खाऊन वाढत नाही."

"मग ह्यांना का नाय मिळालं? आया तर त्याच ना?"

आजींचा प्रश्न अगदी बरोबर होता. आया त्याच. म्हणून मी विचारलं, "बाप कोण?"

तेवढ्यात बाप स्वतःच आला. म्हणजे सुनंदाचे थोरले दीर वसंतराव त्याला काखेत घेऊन आले. कोंबड्याचं नाव शेट. मला इतक्या वर्षांत एवढा देखणा कोंबडा फार कमी दिसला असेल. मान तांब्याच्या हंड्यासारखी लखलखीत, छाती काळी कुळकुळीत, पायांवर बाहेरच्या बाजूने पिसांची झालर. या जातीत ती झालर शोभेची समजतात. सुनंदाचा पहिला कोंबडा मेल्यावर वसंतरावांनी हा मुलुंडच्या एका हौशी माणसाकडून मोबाइलवर फोटो बघून आणला होता.

"काय मॅडम, झकास आहे ना? ग्रुपवर टाकला तर शंभर जणांनी विचारलं."

"कोणत्या रंगाच्या अंड्यातून निघाला, ते कोणी विचारलं?"

वसंतराव खो खो हसले. "अहो, कोंबडा आहे तो! त्याला अंड्याशी काय करायचंय?"

इथेच बहुतेकांची वाट लागते. कोंबडा अंडं घालत नाही हे खरं. पण अंड्याचा रंग ठरवणारा वारसा त्याच्याही अंगात असतो, फक्त दिसायचा मार्ग नसतो. दिसतो तो त्याच्या मुलींच्या अंड्यात. आणि पिसांचा वारसा वेगळा. मान कितीही चकाकली, तरी त्यावरून अंड्याचा पत्ता लागत नाही. मुलाचा फोटो बघून लग्न ठरवावं आणि घराणं विचारूच नये, तसं झालं होतं.

मी मुलुंडला फोन लावायला लावला. स्पीकरवर.

"अंडं?" तो गृहस्थ म्हणाला. "अहो, मान बघा ना मान!"

"मान बघितली. अंडं सांगा."

तो खाकरला. मग म्हणाला, "त्याची आई जरा मिक्स होती. पिसांसाठी वंशात मिसळली होती. अंडं तसं... लाइट."

सुनंदाने पहिल्यांदा मान वर केली.

आजींना मात्र ते पटलं नाही. "अंडं कोंबडीच्या पोटातून येतं आणि दोष कोंबड्याचा? हे बरं हाय तुमचं शिक्षण!"

"या आठ जणींचा रंग आता सुधारणार नाही," मी खरं ते सांगितलं. "पण आईचा अर्धा वाटा यांच्यात आहेच. गडद अंड्यातून निघालेला कोंबडा यांच्याजवळ सोडा. यांच्या पोरी गडद घालतील. नाही घातली, तर नऊ जणींचा रस्सा करा. नववी मी."

आजी हसल्या. खोबऱ्याची चटणी झाली आणि कोंबड्यांना एक पिढी मुदत मिळाली.

मुलुंडकराने चूक भरून काढायला दुसरा कोंबडा फुकट दिला. तो त्याच्या सर्वांत गडद अंड्यातून निघालेला, पण दिसण्यात नापास. पायांवर पिसाचं नाव नाही, शेपटीत एक पांढरं पीस, छातीवर तांबूस डाग सांडलेले. वसंतरावांना तो बघवेना. "ह्याचा फोटो कसा टाकू यार?" शेटला त्यांनी स्वतःच्या अंगणात वेगळा ठेवला आणि त्याचेच फोटो टाकत राहिले. मी एवढंच बजावलं, की शेटला काढल्यावर लगेच अंडी उबवायला ठेवू नका. कोंबडी जुन्या नराचं बीज काही आठवडे पोटात सांभाळते. घाई केलीत तर पुन्हा शेटचीच पोरं निघतील आणि शिव्या मला बसतील.

सुनंदाने घाई केली नाही. पिल्लं निघाली, वाढली, आणि एक दिवस तिचा फोन आला, "मॅडम, या."

मी गेले तेव्हा पार्वतीआजी ओट्यावर बसल्या होत्या. हातात नव्या कोंबडीचं पहिलं अंडं. चांगलं गडद, जुन्या आजीबाई कोंबड्यांच्या जवळपास जाणारं. त्यांनी ते ओल्या पदराने घासून बघितलं. पदराला डाग लागला.

"म्हणजे बापाचंच होतं," त्या म्हणाल्या.

"बापाचंही."

"आणि पिल्लू नर का मादी, ते पण बापच ठरवतो?"

"नाही. कोंबड्यांत ते आईकडून ठरतं."

"बघा!" शेजारी उभे असलेले वसंतराव खूश झाले.

"माणसांत उलटं," मी म्हटलं. "मुलगा की मुलगी, ते बापाकडून ठरतं. आईच्या हातात काहीच नसतं."

वसंतरावांना एकदम शेटला पाणी द्यायचं आठवलं. आजी अंडं हातात फिरवत राहिल्या.

"वसंताच्या आधी मला चार पोरी," त्या म्हणाल्या. "सासूने एकीच्या पण बारशाला कुणाचं तोंड गोड केलं नाय. मी नवस केले, उपास केले. चौथीच्या वेळेला तर तोंड लपवून पाण्याला जायची."

सुनंदा दाणे टाकत होती. हात न थांबवता तिने शांतपणे विचारलं, "आणि माझ्या पोरींच्या बारशाला, आई?"

आजींनी अंडं जपून टोपलीत ठेवलं. मग म्हणाल्या, "मी पण नाय केलं गो."

सुनंदाचे डोळे भरले. माझेही भरले, त्याची फी मी लावली नाही. परतीच्या बोटीत बसल्यावर विचार केला: अंड्याचा रंग सुधारायला योग्य कोंबडा आणि एक पिढी पुरते. बाकीच्या गोष्टींना किती लागतात, हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.