व्हिएन्नाची पाच दारं

गेल्या उन्हाळ्यात रोज दुपारी दोन ते तीन मी ऑस्ट्रियाचा सम्राट होते. जळगावच्या आमच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हा माझा दरबार. खांद्यावर बेडरूमचा मरून पडदा, डोक्यावर पिठाची चाळण, आणि समोर वरणाच्या पातेल्याला टेकवून ठेवलेला लॅपटॉप. माझ्यामागून फ्रिजकडे वाकून वाकून जाणारा एक हुजऱ्या पडद्यावर अधूनमधून दिसायचा. ते माझे यजमान. कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून ते वाकायचे आणि त्यामुळेच दरबाराला शोभा यायची.

मी कॉलेजातली इंग्रजीची नोकरी सोडली आणि घरबसल्या हा वर्ग काढला. अकरा जणी होत्या, सगळ्या लग्न झालेल्या, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या खेड्यांत राहणाऱ्या. भांडी झाली, सासू लवंडली, मूल झोपलं की फोन उघडायच्या. कोणाला मुलाचा अभ्यास घ्यायचा होता, कोणाला नोकरीच्या मुलाखतीला बसायचं होतं. एकीने तर सांगितलं होतं की जावेला येतं म्हणून मला यायला हवं. शिकण्याचं याहून भक्कम कारण मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

पहिला आठवडा फुकट गेला. स्वतःबद्दल इंग्रजीत बोला म्हटलं की नाव, गाव, आणि पुढे शांतता. मग मला इंटरनेटवर युरोपच्या इतिहासाचे तयार खेळ सापडले. नकाशावर टाचण्या लावायच्या, राजांच्या भूमिका वाटून घ्यायच्या, पडद्यावरच्या छोट्या छोट्या खोल्यांत जाऊन आपापसात कट करायचे, आणि परत येऊन तो कट इंग्रजीत सांगायचा. मी ते खेळ उचलले आणि चमत्कार झाला. स्वतःच्या तोंडाने बोलताना जी लाजायची तीच रशियाचा झार झाल्यावर टेबलावर मूठ आपटायला लागली. शिवाय प्रशियाला नावं ठेवली तर गावात कोणाला राग येत नाही, हा मोठा फायदा. पोलंडची फाळणी शिकवली तेव्हा मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. तीन बाजूंनी तीन भाऊबंद बांध सरकवत आले आणि मधल्याचं शेत गेलं, असं पहूरच्या एकीने सांगून टाकलं आणि बाकीच्या दहा जणींनी सुस्कारा सोडला. मी स्वतः सुरतेच्या पलीकडे कधी गेले नाही. पण त्या दिवसांत वॉर्साच्या गल्ल्यांमधून मी भाजी आणायला निघाल्यासारखी फिरत होते.

वर्गातली सगळ्यात लहान मुलगी फैजपूरजवळच्या एका गावात दिलेली. तिचं माहेर तिकडे दूर, धुळे जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. दुपारी घरात असणारा नेटचा फोन एकच, तोही सासऱ्यांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा फोन द्यायचे, पण नजरेआड जाऊ द्यायचे नाहीत. त्यामुळे पडद्यावर कायम तिचा अर्धा चेहरा आणि मागे खाटेवर एक धोतरातला गुडघा असायचा. केळीच्या बागेला पाणी सोडून आलेला तो दमलेला गुडघा. पहिले दोन आठवडे तो गुडघा झोपलेला असायचा. मग हलायला लागला. मग एक दिवस, फ्रान्सचा बादशाह रशियाच्या बर्फातून परत येत असताना मी वेळ संपली म्हणून वर्ग आवरता घेतला, तेव्हा मागून आवाज आला की तो घरी पोचला का नाही तेवढं सांगून जा. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण मधूनमधून मी मराठीत गोष्ट सांगायचे तेवढी ते झेलायचे. असा आम्हाला बारावा विद्यार्थी मिळाला.

आखाजी जवळ आली तशा मुली वर्गात अस्वस्थ व्हायला लागल्या. अक्षय्य तृतीयेला आम्ही खान्देशात आखाजी म्हणतो, आणि आखाजीला लेकीने माहेरी असायचं असतं. भाऊ न्यायला येतो, निंबाला झोका बांधलेला असतो, हातावर मेंदी आणि पुढ्यात सांजोऱ्या असतात, आणि सासरच्या माणसांना गाण्यातून मनसोक्त शिव्या देता येतात. कोण कधी निघणार याची चर्चा चालू असताना ही एकटी नकाशावरच्या टाचण्या उगाच इकडून तिकडे हलवत बसली होती. वर्ग संपल्यावर ती मागे थांबली. आबा तेवढ्यापुरते बाहेर गेले होते. तिने सांगितलं की तिची ही माहेराविना तिसरी आखाजी.

कारण होतं एक टॉवेल आणि एक टोपी. तिच्या भावाच्या लग्नात व्याह्यांचा मान करताना तिच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, नव्या व्याह्याला आधी टॉवेल-टोपी आणि नारळ दिला आणि आबांना मागून. घाईत झालं. पण भर मांडवात झालं. आबा न जेवता उठले आणि गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून नाना म्हणत होते की मी मुलीचा बाप, पण चूक कबूल करायला त्यांच्या दारात गेलो आणि त्यांनी उभंही केलं नाही तर काय. आबा म्हणत होते की आधी त्यांनी यावं, मग पाहू. दोघंही वाईट नव्हते. ती म्हणाली, आबा तिच्या ताटात स्वतःच्या हाताने तूप वाढतात. पण आखाजीचं नाव निघालं की खाट उचलून अंगणात नेतात.

त्याच आठवड्यात आमच्याकडे व्हिएन्नाची परिषद भरायची होती. युरोपभर धुमाकूळ घातलेला फ्रान्स हरला, सगळे राजे व्हिएन्नात जमले आणि आता युरोपची घडी बसवायची, असा तो प्रसंग. मी देश वाटून दिले. फ्रान्स तिच्या वाट्याला आला. दहा मिनिटांसाठी सगळ्यांना छोट्या खोल्यांत सोडलं आणि राजवेश सावरत मी एकेका खोलीत डोकावले. फ्रान्सच्या खोलीत पाहते तर ती दोघीतिघींच्या पुढ्यात हात जोडून उभी, आणि करार लिहून तयार. फ्रान्स सर्वांना चहा देईल. फ्रान्स सर्वांना टॉवेल-टोपी देईल. फ्रान्स जेवायला शेवटी बसेल. इंग्रजी अगदी बिनचूक होतं.

हे असं का, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, हरलेला म्हणजे मुलीकडचाच ना. बाकीच्याही माना डोलवत होत्या. त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं.

मग मी सगळ्यांना मोठ्या दरबारात परत बोलावलं आणि खुर्चीवर उभी राहिले. सांगितलं की बायांनो, फ्रान्सने चहा दिला नाही. हरलेल्या फ्रान्सचा वकील व्हिएन्नात आला, लंगडत आला, आणि बोलून बोलून जिंकलेल्यांच्या मेजाशी त्याने स्वतःला खुर्ची मिळवली. आणि दुसरी एक गोष्ट सांगतात. पाच राजे, आणि आत पहिलं कोण जाणार यावर अडून बसलेले. आधी जाईल तो मोठा, मागून जाईल तो लहान. तेव्हा म्हणे दालनाला पाच दारं केली. पाचही एकदम उघडली आणि पाचही जण एकाच वेळी आत आले. कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. गोष्ट खरी की बनवलेली, इतिहासवाले जाणोत. मी पाच राजांच्या पाच चाली करून दाखवल्या आणि चाळण खाली पडली.

हसणं ओसरल्यावर फैजपूरच्या चौकटीतला गुडघा पुढे सरकला. आबांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला, पांढऱ्या मिशा आणि बारीक केलेले डोळे.

"मंग जेवायला पहिले कोन बसला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, गोल टेबल होतं. ते मला माहीत नव्हतं, ठोकून दिलं. त्यांनी बराच वेळ मान हलवली.

दुसऱ्या दिवशी घरचा अभ्यास म्हणून तिने एक तह लिहून पाठवला. कलम पहिलं, दोन्ही वडील एकाच वेळी आत येतील. कलम दुसरं, कोणीही आधी माफी मागणार नाही आणि कोणीही नंतर मागणार नाही. कलम तिसरं, मुलगी आखाजीला घरी जाईल. खाली तिने मराठीत लिहून विचारलं होतं, "मॅडम, पाच दारं तर आपल्याकडे पण आहेत ना?"

मला कळेना. मग उजेड पडला. आमच्या वर्गात येताना प्रत्येकीला आधी बाहेर थांबावं लागतं. माझ्या पडद्यावर यादी दिसते आणि खाली एक बटण असतं, सगळ्यांना एकदम आत घ्या असं. ते बटण मी रोज दाबत होते. त्याचा हा उपयोग मला कधी सुचला नव्हता.

मी दोघांनाही परीक्षक म्हणून बोलावलं. मुली तह वाचणार, घरातल्या जाणत्या माणसांनी निकाल द्यायचा, अशी थाप मारली. कोण कोण येणार ते मात्र लपवलं नाही. दोघांनीही वेगवेगळ्या फोनवर एकच गोष्ट विचारली, पहिला कोण. मी दोघांनाही सांगितलं, व्हिएन्ना, म्हणजे दोघं एकदम.

त्या दिवशी नाना वीस मिनिटं आधीच आले. त्यांच्या गावात धड नेट फक्त टेकडीवरच्या देवळापाशी लागतं, घरी तुटक येतं. भर उन्हात ते तिथे चढून बसले असणार. यादीत त्यांच्या फोनचा नंबर दिसत होता आणि मी त्यांना आत घेत नव्हते. आयुष्यात मी बऱ्याच जणांना वर्गाबाहेर उभं केलं आहे, पण इतकं जड कधी गेलं नाही. आबांनी त्यांच्या स्वतःच्या फोनवरून यायचं आणि तिने शेजारणीच्या, असं ठरलं होतं. दोनला एक मिनिट कमी असताना आबांचा नंबर आला. मी पडदा खांद्यावर घेतला आणि बटण दाबलं.

मुलींच्या चौकटींमध्ये त्या दोन चौकटी एकदम उघडल्या. एकीत खाट, एकीत आभाळाला टेकलेली टोपी. मग माझ्या लक्षात आलं की दारांची सोय झाली, पण रामराम आधी कोणी घालायचा ते तहात नव्हतं. आणि माझ्या नेहमीच्या सवयीने सगळ्यांचे आवाज बंद होते. दोघांचेही ओठ हलले, हात जुळले, आणि कोणाचं कोणाला ऐकू गेलं नाही. मी ताबडतोब जाहीर केलं की दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी रामराम झालेला आहे, दरबार साक्षी आहे.

खरं सांगते. नानांचे ओठ आधी हलले. आजवर हे कोणाला बोलले नाही. आता लिहिते आहे, कारण दोघंही पुस्तकं वाचत नाहीत.

तिने तह वाचला. इंग्रजीत, तिन्ही कलमं, न अडखळता. नानांना एक अक्षर कळलं नाही. त्यांनी टोपी काढली आणि तिने डोळे पुसले. आबांनाही इंग्रजी कळत नव्हतं, पण ते आमचे जुने विद्यार्थी. त्यांनी घसा साफ केला आणि नानांना समजावून सांगितलं.

"पोरगी म्हनते, आखाजीले धाडा," ते म्हणाले. "मीच आनून सोडतो तिले."

नानांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग त्यांनी व्याह्यांना सोडून माझ्याकडे मोर्चा वळवला. "अक्का, तुम्ही बी या. आखाजीले बठ्ठ्या लेकी येतस, तुम्ही का बरं नही?"

सगळ्या लेकी येतात तर मी का नाही, हे ऐकून फ्रिजपाशी वाकलेले माझे यजमान तसेच थांबले. माझं माहेरही त्याच बाजूचं. इंग्रजीने मला पगार दिला, मराठीने संसार चालला, पण आखाजीचं बोलावणं या बोलीतच येतं, आणि आई गेल्यापासून ते आलं नव्हतं. भाऊ सुरतेला स्थायिक झाला. घर दुसऱ्यांनी घेतलं. ज्या निंबाला आमचा झोका असायचा तो रस्ता रुंद करताना गेला. कोणाशी भांडण नाही, कोणाचा मान द्यायचा राहिलेला नाही. मी किती तह लिहीन, पण माझ्या तहाला दुसरी बाजूच उरलेली नाही. मी सम्राटाच्या आवाजात म्हटलं की पुढच्या वर्षी नक्की येऊ, आणि वर्ग संपवला. पडदा घडी घालायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

आखाजीला सुट्टी होती. तरी दोन वाजता मी सवयीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर मी एकटीच. चाळण घातली, काढून ठेवली. तेवढ्यात यादीत एक नंबर आला, नानांचा. आत घेतलं तर ती. तिने भराभर सांगितलं की आबा सोडायला आले, आणि घराला दार एकच. नाना म्हणाले पहिले तुम्ही, आबा म्हणाले पहिले तुम्ही, आणि दोघं पाव तास उंबऱ्याबाहेर उभे. शेवटी आईने पाणी तिथेच आणून दिलं.

मग तिने विचारलं, बघायचं का. फोन छातीशी धरला आणि झोक्यावर बसली. पडद्यावर आभाळ आलं, निंबाची पानं आली, अंगण, खाटेवर शेजारी शेजारी दोन टोप्या, पुन्हा अंगण, पानं, आभाळ. बायका कोणाच्या तरी सासूवर गात होत्या. चित्र मधूनच अडकायचं, आणि नेमकं आभाळावर अडकायचं. माझं डोकं गरगरायला लागलं.

यजमान फ्रिजकडे चालले होते. आज न वाकता चालले होते. त्यांनी मला विचारलं, बंद करू का.

मी म्हटलं, थांबा. अजून एकदा खाली येऊ द्या.