सरकीची चार पोती

कापसाची वाईट वर्षं होती ती. आमच्या अकोल्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर यायचे जवळजवळ बंद झाले होते. अशात एका डॉक्टरसाहेबांची जुनी विलायती गाडी आली आणि माझी मान ताठ झाली. हिवरखेडकडच्या कच्च्या रस्त्यांनी ते ती दामटायचे. मागे स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले रबरी बलून, त्यांत हवा भरायला गाडीतच छोटा कंप्रेसर. संध्याकाळी गाडी नीट उभी, सकाळी पाहावं तर मागून डाव्या अंगानं बसलेली.

मी ऐटीत सांगितलं, "कंप्रेसर गेला."

उस्ताद बाळापूरहून रोज एसटीनं यायचे. पाना धरायला मला त्यांनीच शिकवलं. नजर कमी झाली होती, पण स्वतःच्या कानावर त्यांचा भारी भरवसा. ते गाडीमागं उकिडवे बसले, कान लावला. "बेटा, डावा बलून गळून राहिला. मांगं सरकीचे चार पोते टाक, मंग साबनाचं पानी लाव." ट्रॉली असो की बैलबंडी, वजन टाकल्याशिवाय ते कशाचंच दुखणं पाहायचे नाहीत.

मी तर आधीच गाडी जॅकवर उचलून साबणाचं पाणी लावलं होतं. एक बुडबुडा नाही! डॉक्टरसाहेब समोर उभे. मी फाडकन बोललो, "उस्ताद, हे काई बंडी नाही. तुमाले आता ऐकू येत नाही, घरी आराम करा."

उस्तादांनी हात पुसले, डबा उचलला आणि स्टँडकडे निघाले. काय अवदसा आठवली होती मला! दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, नंतरही नाहीत.

नवा कंप्रेसर बसवला. आठ दिवसांत तोही जळाला, हवा भरून भरून. मग रविवारी गॅरेज बंद असताना चोरासारखी सरकीची चार पोती आणून मागं टाकली. गाडी दबली आणि डाव्या बलूनच्या घडीतून साबणाचा फेस फसफसून आला. बारीक चीर होती. जॅकवर चाक लोंबकळलं की घडी उलगडायची, बलूनवर जोरच राहायचा नाही. मग बुडबुडा कुठून येणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बलून बदलला. डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली, "मानलं बुवा तुम्हाला." ती शाबासकी मी मुकाट गिळली.

माफी मागायची म्हणून बाळापूरला गेलो. उस्ताद अंगणात बाजेवर बसले होते. चहा आला. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच विचारलं, "गाडी बसते का अजून?"

"नाही, उस्ताद."

"मंग कंप्रेसरच होता. तू खरा निंघाला." ते हसले, कानाला हात लावला. "मलेच ऐकू येत नाही आता. म्हातारपन, बेटा."

माझी जीभ टाळ्याला चिकटली. छे, खोटं कशाला सांगू? चिकटली नव्हती. बोलता आलं असतं, मी बोललो नाही.

त्यांनी आतून आपल्या पान्यांची पिशवी आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "आता मले काय काम याचं? तूच ठेव."

आणि मी नालायकानं ती घेतली.