समतावादी : वाक्यात उपयोग

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर रकाने पाडून शब्द शिकवते: शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. एकदा शब्द आला 'समतावादी'. अर्थ : सर्व माणसांना समान मानणारा. वाक्य मी घरचंच दिलं : 'आमच्या शेतात पहिलं बोंड बौद्ध घरातली मावशी वेचते, कारण आम्ही समतावादी आहोत.' आमच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या त्या मावशीची नात दुसऱ्या बाकावर होती. तिनं ऐकावं म्हणूनच दिलं, हे कबूल करते.

पांढरकवड्याजवळच्या आमच्या शेतात वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही असतं. सासूबाई कपाशीच्या झाडापाशी दहीभात ठेवून पूजा करतात. मावशी पूजेला येत नसे. ती बांधावर तंबाखू मळत बसायची, आणि पूजा आटोपली की पहिलं बोंड तीच वेचायची. तिच्याइतका चलाख हात कुणाचा नव्हता. वेचणाऱ्या बायांची यादी माझ्याकडे. तिचं नाव सगळ्यांत वर.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचा नवरा तापानं गेला. आमचे आधीचे दोन हंगाम बोंडअळीनं खाल्ले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मीच यादी करताना मावशीला चौथ्या ओळीत घेतलं आणि वर शेजारची नवी सून लिहिली. यंदा उगाच कशाला, एवढंच मनात आलं.

सकाळी शेतात यादी वाचली. मावशी हसली.

"काहून बाई, माह्या हाताले अळी लागली काय?"

"तसं नाही मावशी. नवी पोरगी आहे, तिला जरा मान..."

"शाळंत त मले मान देल्ला म्हने तुमी. नात सांगत होती. लय मोठा शब्द होता."

बाया हसल्या. मी यादीवर खुणा करत राहिले.

अळी त्या वर्षीही पडलीच.

पुढच्या हंगामात मी मावशीचं नाव पुन्हा वर घेतलं आणि मोठ्यानं वाचलं. ती बांधावरून उठली नाही.

"कोन्या सवाशिणीचा हात लागू द्या आधी. मंग मी हावोच ना."

शेजारच्या सुनेनं बोंड वेचलं. मग मावशी उठली आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या पुढे निघून गेली. दरवर्षी मी तिचं नाव वर लिहिते, दरवर्षी ती तशीच बसून राहते.

तो शब्द आठवीला अजून आहे. अर्थ मी सांगते. वाक्य मुलांना करायला लावते.