आठ महिन्यांचे रिपोर्ट

संगमनेरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात बसणं कमी, बाहेरची कामंच जास्त. त्यातलंच एक ठिकाण म्हणजे रक्त-लघवी तपासणीची एक लॅब. ती चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम साठीकडे झुकलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. हाताखाली एक ताई. नमुने घेण्यापासून रिपोर्ट टाईप करण्यापर्यंत सगळं त्याच बघायच्या. तिथला सर्व्हर मी बसवला होता. रोज संध्याकाळी रिपोर्टांची नक्कल शेजारच्या हार्डडिस्कवर आपोआप उतरेल, अशी सोयही मीच करून दिली होती. नक्कल झाली की पडद्यावर हिरवी खूण यायची. लॅबमध्ये गेलो की ती बघायचो आणि निश्चिंत व्हायचो.

एका दुपारी ताईंचा फोन आला. "दादा, सर्व्हर चालूच होईना. आतून टकटक आवाज येतोय."

मुख्य डिस्क गेली होती. त्याचं मला विशेष काही वाटलं नाही. "बॅकअप आहे, दोन तासांत चालू करतो," असं मॅडमना सांगून मी कामाला लागलो. नवी डिस्क टाकली, नक्कल उतरवली, रिपोर्ट उघडले. सगळ्यात ताजा रिपोर्ट आठ महिन्यांपूर्वीचा होता.

कारण सापडायला वेळ लागला नाही. लॅबच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तेव्हा रिपोर्ट साठवण्याची जागा बदलली होती. माझा बॅकअप जुन्याच जागेची नक्कल रोज इमानाने करत राहिला होता. त्या नकलेतून रिपोर्ट खरंच परत उघडतात का, हे मी एकदाही करून बघितलं नव्हतं.

"म्हणजे आठ महिन्यांचं काहीच नाही?" मॅडमनी विचारलं.

"नाही. चूक माझी आहे."

त्यांनी कपाटातून कोऱ्या रिपोर्टांचा गठ्ठा काढला. मग ताईंना म्हणाल्या, "आजचे रिपोर्ट हाताने लिहू. लोक बाहेर थांबलेत."

रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

खराब डिस्क पुण्याला पाठवली. तिच्यातून काही निघालं नाही. डायलिसिसचे पेशंट, थायरॉइडवाले, गरोदर बायका, या सगळ्यांच्या तपासणीत आजचा आकडा मागच्या आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा लागतो. ते मागचे आकडेच आमच्याकडे नव्हते. ताई लोकांना व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवायच्या, त्यामुळे शेवटच्या काही आठवड्यांचे त्यांच्या मोबाईलमध्ये सापडले. त्याआधीचे जागा करायला त्यांनी पुसून टाकले होते.

मग मॅडमनी दारावर कागद लावला: मागच्या आठ महिन्यांचे रिपोर्ट असतील तर कृपया घेऊन यावेत. कोणी आणेल असं मला वाटत नव्हतं. पण लोक प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन यायला लागले. मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी लॅबच्या काउंटरवर बसून ते कागद स्कॅन करायचो.

पठारावरच्या एका गावातून एक बाई आल्या. नवऱ्याच्या किडनीचे सगळे रिपोर्ट त्यांनी तारखेप्रमाणे लावून पिन मारून ठेवले होते.

"तुमच्याकडं न्हाईत व्हय हे?" त्यांनी विचारलं.

"होते. माझ्या हातून गेले."

"मंग बरं झालं मी ठिवले. दवाखान्यात गेलं की इचारत्यात, मागल्या टायमाला किती हुतं."

स्कॅन होईपर्यंत त्या माझ्यासमोरच उभ्या राहिल्या. कागद परत दिले तेव्हा एकेक पान मोजलं आणि मगच पिशवीत ठेवलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

असं करत बरेचसे रिपोर्ट जमले. सगळे नाही.

त्यानंतर मॅडमनी मला बसवून दोनच प्रश्न विचारले. "सर्व्हर बंद पडला तर किती वेळात काम सुरू होईल? आणि किती तासांचं काम हातचं जाईल?" इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाईकाने मला हे विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. उत्तर म्हणून आम्ही नवी व्यवस्था केली. दर तासाला एक नक्कल लॅबमध्येच दुसऱ्या डिस्कवर. एक इंटरनेटवरून बाहेर. एक डिस्क मॅडमच्या घरी, आठवड्याने बदलायची. कोपऱ्यात एक तयार कॉम्प्युटर, सर्व्हर गेला तर त्याच्या जागी लावायला. काय करायचं ते मी साध्या मराठीत लिहून भिंतीवर लावलं. महिन्यातून एका रविवारी ताईंनी ते वाचून सगळं स्वतः उभं करायचं, मी नुसतं बघायचं. पहिल्या रविवारी त्या तिसऱ्याच ओळीला अडल्या, कारण ती ओळ मी माझ्यापुरतीच लिहिली होती. ती बदलली.

पुढच्या उन्हाळ्यात मी श्रीगोंद्याला एका कामावर असताना ताईंचा फोन आला. लाईटचा दाब वाढून सर्व्हर जळाला होता.

"मी लगेच निघतो," म्हणालो. पोहोचायला संध्याकाळ झाली असती.

"नका येऊ. दुसरा लावलाय. मघाशी नोंदवलेले सात नमुने तेवढे गेले, ते बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बघून परत टाकले. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला कळवून ठेव."

फोन ठेवला. हायसं वाटलं, आणि आपल्यावाचून काम झालं म्हणून थोडं चमत्कारिकही. मग हातातलं काम पुरं केलं. दुसऱ्या दिवशी जाऊन जळालेला सर्व्हर उचलून आणला.